बसथांब्याच्या सावलीची निवडणूक

माणसाला एकदा इतरांच्या मुलांचं भलं करण्याची सवय लागली, की तिच्यावर निवडणुकीखेरीज औषध नाही.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरमध्ये ही सवय लॉयड डाबरे यांना लागली. मूळचे वसईचे, नोकरीने एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये, वृत्तीने कार्यकर्ते. बंद पडलेली लिफ्ट, स्विमिंग पूलमधलं हिरवं पाणी, पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या गाड्या, असे अनेक प्रश्न त्यांनी टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचा फोडून सोडवले होते. (लिफ्टच्या बाबतीत मेकॅनिकनेही थोडी मदत केली.)

यंदा प्रश्न शाळेच्या बसथांब्याचा होता. मुलं भर उन्हात बसची वाट पाहत. सप्टेंबरात लॉयड यांची तिसरीतली एमिली घरी येऊन म्हणाली, "डॅडी, आय ॲम टोस्ट." त्याच दिवशी लॉयड पालक मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. ऊन हटवायचं तर आधी सत्ता हवी, हे उघडच आहे.

पालक मंडळ ही अत्यंत अधिकारसंपन्न संस्था आहे. सुचवणं, पुन्हा सुचवणं, सुचवलेल्याची आठवण करून देणं आणि स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसणं, हे सर्व अधिकार तिला आहेत. (सामोसे वेगळे.) विद्यमान सदस्या विनिता सरपोतदार यांचा जाहीरनामा 'सर्वांगीण विकास' असा दोनच शब्दांचा असल्यामुळे त्यात चूक काढणं आजवर कोणाला जमलं नव्हतं.

लॉयड यांची मागणी त्याहून आटोपशीर होती: सावली. ग्रुपवर तिला इतके अंगठे मिळाले, की त्या मानाने मतदारच कमी पडले. शेजारचे परेश म्हणाले, "हबीबी, तू आलासच असं समज. खलास!"

मतदान शनिवारी सकाळी, शाळेत, जातीने हजर राहून करायचं होतं. परेश यांना नेमकं शारजात बारसं निघालं. बाकीच्या बहुतेकांनी मताऐवजी शुभेच्छा दिल्या. उमेदवार स्वतः मतदारांना गाडीतून आणण्यात गुंतल्यामुळे, एका कुटुंबाला एक मत या नियमाने, डाबऱ्यांचं मत त्यांच्या पत्नी ॲनेट यांनी टाकलं. विनिताबाई एका मताने निवडून आल्या.

परतताना लॉयड गाडी चालवता चालवता मतं पुन्हा मोजत होते. मग म्हणाले, "एका मताने गं! कोण असेल?"

"मी," ॲनेट म्हणाली.

लॉयडनी गाडी बाजूला घेतली.

"लिफ्टचं चाललं होतं तेव्हा तू जेवायलासुद्धा घरी नसायचास," ती म्हणाली. "मंडळात गेलास तर एमिलीला तू फक्त पालकसभेत भेटशील. थांब्यावर रोज मी जाते. तू तो थांबा बघितलायस तरी का?"

प्रश्न गैरलागू होता. कार्यकर्त्याने प्रश्न मांडायचा असतो, त्यात जाऊन उभं राहायचं नसतं. पण लॉयडना तो लागला. सोमवारी, पराभूत उमेदवाराला दुसरं काम नसल्यामुळे, एमिलीचं दप्तर घेऊन ते खाली उतरले. ऊन त्यांच्या भाषणातल्यापेक्षा कडक निघालं. थोडंसंच पुढे, त्याच फुटपाथवर, टॉवरची गार सावली रिकामी पडली होती.

बस आली. लॉयडनी ड्रायव्हरला नाव विचारलं. अक्रम.

"अक्रमभाई, गाडी उधर छाँव में क्यूँ नहीं रोकते?"

"बच्चे इधर खडे रहते हैं ना, साब."

"अरे, बस इधर रुकती है, इसलिए बच्चे इधर खडे रहते हैं!"

अक्रमने क्षणभर विचार केला. "तो कल से उधर. यल्ला, बेटा, चढो."

आजवर त्याला हे कोणीच विचारलं नव्हतं, ॲनेटनेही नाही. प्रकरण वर गेलंय, असा सगळ्यांचा समज होता. एमिलीने खिडकीतून हात हलवला, आणि निवडून आल्यावर वाटलं असतं त्याहून लॉयडना बरं वाटलं. (ही कबुली त्यांनी ग्रुपवर दिलेली नाही.)

सावली मिळवून दिल्याबद्दल मंडळाने पहिल्याच बैठकीत स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. आपण मत दिलं म्हणूनच हे झालं, असं परेश आजही सांगतात.

वाचकहो, आपल्या मुलांच्या बसच्या ड्रायव्हरचं नाव आपल्याला ठाऊक असेलच. नसेल तरी खट्टू होऊ नका. मंडळावर जाण्यासाठी लागणारी पात्रता आपण केव्हाच मिळवली आहे.