मास्तरांच्या बैठकीतला फौजी

सत्तार मास्तरांच्या बैठकीत पंखा आहे, धडधाकट आहे, बहुतेक वेळा वीजही असते. पण तो लावायचा नाही. रिसोडचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय त्यालाच यातला जुलूम कळेल. पाठीवरून घामाच्या धारा लागतात, कपातला चहा निवायचं नाव घेत नाही, आणि पाहुण्यानं बटणाकडे नुसता हात नेला की आतून शिलाई मशीनची खडखड थांबते. "राहू द्या," मास्तर हळूच म्हणतात. "फौजीले धूळ लागते."

मी त्यांची शेजारीण. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा न ऐकणाऱ्यांची मला सवय आहे. पण मास्तरांपुढे मी हात टेकले. आता जाताना हातपंखा घेऊनच जाते.

फौजी म्हणजे एक कोट. निळसर करड्या लोकरीचा, उभ्या कॉलरचा, पितळी बटणांचा, शंभरेक वर्षांपूर्वीचा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाच्या फौजेतला. बादशहा गेला, फौज गेली, आणि कोट तेवढा आमच्या गल्लीत येऊन एका पुतळ्याच्या अंगावर बसला. हा पुतळा मास्तरांनी बंद पडलेल्या साडीच्या दुकानातून आणला. म्हणजे तो बाईचा. ओठ गुलाबी, डोळ्यांत काजळ, एक हात कमरेवर. मास्तरांनी काळा रंग घेऊन त्याला मिशा काढल्या आणि विषय संपवला. त्यांची बायको, जुबेदाभाभी, मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "बाई, लोक सवत लपून ठेवतेत. ह्यांनी तं सामनेच्या खोलीत उभी केली, वरून मिशा बी काढल्या."

मास्तर शिंपी, पण साध्यासुध्या कपड्यांचे नाहीत. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात लग्नाच्या बँडचे कोट शिवावेत तर त्यांनीच. खांद्यावरच्या झालरी, छातीवरची सोनेरी लेस, सगळं त्यांच्या हातचं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बँडवाल्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून हा कोट आणला आणि म्हणाला, मास्तर, सगळ्या पार्टीले असेच शिवा. मास्तरांनी कोट उलटा करून आतली शिवण पाहिली आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं भाभी सांगतात. मग त्यांनी त्याच कटिंगचे लालभडक कोट शिवले. बुडालेल्या बादशहाची फौज आमच्याकडे कित्येक वर्षं नवरदेवापुढे वाजवत फिरत होती आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. नमुन्याचा कोट न्यायला बँडवाला आला तेव्हा मास्तरांनी त्याला एक नवा कोट फुकट दिला आणि जुना ठेवून घेतला.

तेव्हापासून नाद लागला. मुंबईचा एक ओळखीचा जुनासामानवाला त्याच फौजेचं काही सापडलं की धाडतो. पट्ट्याचं बक्कल, चपटी टोपी, टवके उडालेली पाण्याची बाटली, चमचा. पूर्वी भाभींचे कपबश्यांचे सेट ज्या शोकेसमध्ये होते तिथे आता हे सगळं मांडलेलं आहे, आणि कपबश्या पलंगाखाली गेल्या आहेत.

येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं मास्तर क्रिकेटचे शौकीन. "अस्ट्रेलियाचं सामान हाय म्हने तुमच्यापाशी?" "अस्ट्रेलिया नाही, अस्ट्रिया," मास्तर म्हणतात. "मापात बोला." हे 'मापात' त्यांचं ठेवणीतलं. कोणी बढाई मारली, कोणी जास्त रडलं, भाभींनी भाजीत मीठ जास्त टाकलं, सगळ्याला एकच शब्द. एकदा धनजचे एक म्हातारे पाटील नातवाच्या लग्नाच्या बँडची बात करायला आले होते. बक्कलावरचा दोन डोक्यांचा पक्षी पाहून त्यांनी हातच जोडले. "मास्तर, हा तं गंडभेरुंड हाय. आमच्या देवळाच्या दारावर हाय." मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. "बाई, या बरं. फौजीची वळख निघाली."

मग एक दिवस ते मला म्हणाले, नकाशात याचा देश दाखवा. मी घरून नकाशांचं पुस्तक आणलं आणि सांगितलं, तो देश यात नाही. लढाई हरला, त्याचे तुकडे झाले, एकेका तुकड्याचा वेगळा देश झाला.

"म्हंजे फौज सुटली तवा देशच नव्हता?"

"नव्हता."

"मंग हे लोक कुठं गेले असन, बाई?"

"गेले असतील आपापल्या घरी. मला काय सांगून गेलेत?"

मास्तर नकाशावरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी असेल.

या वर्षी उन्हाळ्यात घात झाला. पावसाळ्याआधी मास्तर कोटाला ऊन दाखवतात. खिशात कडुलिंबाचा पाला भरतात आणि अंगणातल्या दोरीवर कोट उलटा टांगतात. त्याच दिवशी मालेगावहून भाभींची धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी आलेली. आता शिंप्याच्या घरचं एक असतं. गिऱ्हाईक कपडा शिवायला टाकतं आणि न्यायला येतच नाही. कोणाचं लग्न मोडतं, कोण गाव सोडतं, कोणाचं पोट सुटतं. असे कपडे साचले की घरच्या बाया दोन-तीन वर्षं वाट पाहतात आणि बोहारणीला देऊन भांडं घेतात. यात कोणालाच वावगं वाटत नाही. बहिणीनं दोरीवर बँडसारखा कोट पाहिला, कोन्या तरी बँडवाल्यानं नेला नसन, असा हिशेब केला, आणि दारात आलेल्या बोहारणीकडून स्टीलचा झाकणाचा डबा घेतला. वर भाभींना खूष करायला तो डबा घासूनही ठेवला.

भाभी तो डबा तसाच हातात घेऊन माझ्याकडे धावत आल्या. मी गेले तर मास्तर नुकतेच नमाजाहून आलेले. उघड्या पुतळ्यासमोर उभे होते. मिशा, काजळ, कमरेवरचा हात, आणि अंगावर काही नाही. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जाऊन पंखा लावला आणि खाली बसले. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा वारा आला आणि आम्हा कोणालाच तो सहन होईना.

बोहारीण सापडायला वेळ लागला नाही, ती आमच्याच गावातली. पण कोट तिच्याकडे नव्हता. एका लग्नात वाजवायला आलेल्या कामरगावच्या बँडवाल्यानं तो तिच्या गाठोड्यातून विकत नेला होता. कामरगाव म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. भाभी मला म्हणाल्या, "तुमी संगं जा, बाई. एकटे गेले तं रस्ता चुकतीन." निमित्त होतं ते. मास्तर कुठेच रस्ता चुकत नाहीत. त्यांना एकट्यानं जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

एसटीत मास्तर मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसले होते. आत कोट गुंडाळायला धुतलेली पांढरी चादर. वाशीम गेलं, मंगरूळपीर गेलं. मला गप्प बसणं जमत नाही.

"मास्तर, मी स्पष्ट बोलते," मी म्हटलं. "कोट चांगला आहे, जुना आहे, सगळं कबूल. पण एका कोटापायी माणूस दोन दिवस जेवत नाही? मापात असावं ना काही."

त्यांना राग आला नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माहा मोठा भाऊ मिल्ट्रीत होता, बाई. रहीमभाई. मी तवा पोट्टा होतो, काजं कराले शिकून राह्यलो होतो. लढाई लागली अन् मंग तार आली. लापता."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून, आणि माहीत नव्हतं.

"लोक मायले म्हनत, गेला समज, फातेहा पढून घे. ती कोनाचं आयके नाही. म्हने, लापता म्हंजे मेला नव्हं. लापता म्हंजे पत्ता नाही. पत्ता आज ना उद्या गवसन. मरेपर्यंत दर ईदले मले त्याचा कुर्ता शिवाले लावला. माप तेच, जुनं. एका साली मीच म्हनलं, अम्मा, भाईचं अंग आता सुटलं असन. तवा ती इचार करत बसली अन् म्हने, कमरेत दोन बोटं सोड."

कंडक्टर कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता, तेच ऐकत बसले.

"त्याची पेटी आली घरी," मास्तर म्हणाले. "वर्दी नाही आली. म्हंजे ती कुठं ना कुठं असन न? कोनाच्या तरी घरी. मी इकडं दुसऱ्याचा कोट सांभाळला, तं तिकडं कोनी त्याचा सांभाळन. एवढंच हाय माहं."

"पण मग आपल्याच एखाद्या फौजीचा ठेवायचा. हा ऑस्ट्रियावालाच कशाला?"

"बाकी फौजीले इचारनारं कोनी ना कोनी असते, बाई. ह्याचा तं देशच लापता हाय."

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांच्या नावानं बडबड केली, पण मास्तरांना कळलंच असणार.

कारंज्याहून जीपनं कामरगावला उतरलो तेव्हा ऊन कललेलं होतं, आणि बँडला शोधावं लागलं नाही. तो समोरच होता. लग्न दुसऱ्या गावी लागलं होतं आणि नवरी घेऊन वरात गावात शिरत होती. लाल कोटांची रांग, सगळे मास्तरांच्याच हातचे, आणि सगळ्यांत पुढे क्लॅरनेटवाला. साठीचा, काटकुळा, गालफडं आत गेलेली. अंगात निळसर करडा कोट, वरपर्यंत सगळी बटणं लावलेली.

"तोच," मी म्हटलं. "चला. मी बोलते त्याच्याशी."

मास्तरांनी माझ्यापुढे हात आडवा केला. ते त्या कोटाकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तो उन्हात पाहिला होता, पुतळ्यावर पाहिला होता, टेबलावर उलटा पाहिला होता. चालताना कधीच पाहिला नव्हता. "खांद्यात कसा बसला पाहा," ते म्हणाले. "जसा त्याच्याच मापाचा."

"मास्तर, कोट घ्यायला आलोय आपण."

"वरात पोचू द्या, बाई. मधातून नोको काढू."

मग आम्ही दोघं कोण कुठल्या त्या वरातीत मागे चालत राहिलो. एका पोरानं मला नाचायला ओढलं, त्याला मी असं पाहिलं की त्यानं सोडून दिलं. क्लॅरनेटवाल्यानं वळून मास्तरांना ओळखलं, वाजवता वाजवताच कोटाच्या छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. त्याला वाटलं, हाही मास्तरांनीच शिवलेला.

नवरदेवाचं घर आलं. दारात त्याची आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिनं नवरा-नवरीवरून तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. क्लॅरनेटवाला गर्दीत ढकलला जाऊन थेट उंबऱ्याशी आला होता आणि तिथेच दमून थांबला होता. बाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तू बी ये रे बाप्पा असा," ती म्हणाली, "कवाचा उन्हातानात चालून राह्यला." आणि राहिलेला तुकडा तिनं त्याच्यावरूनही ओवाळला, तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर टाकलं आणि म्हणाली, "चाल, जेवाले बस."

कोट पुढच्या पंगतीला जाऊन बसला.

मास्तर रडत होते. तोंड न झाकता, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे. मी त्यांच्या हातातली पिशवी धरली. मग म्हटलं, "मास्तर, आता तरी मागा. जेवला की उठेल आणि निघून जाईल."

"आत्ता तं घरी आला, बाई," ते म्हणाले. "त्याले कसं उठवू?"