मिशीवर पाणी

गुरुप्रसादने बादलीतून तोंड वर काढलं, तेव्हा मास्कच्या आत नाकापर्यंत पाणी भरलेलं होतं. मास्क ओढून काढेपर्यंत त्याला तीन-चार शिंका आल्या आणि न्हाणीची भिंत भिजली.

"परत गेला पाणी?" दारात उभ्या असलेल्या किशोरीने विचारलं.

"गेला. नळाखाली तोंड धरलंय आसतंय तरी एवढा गेला नसता."

"व्हॅसलीन लावलात?"

"अर्धी डबी लावलंय. आता तो तोंडार ऱ्हवणाच नाय, घसारता."

पुढच्या आठवड्यात दोघं अंदमानला निघणार होते, स्कूबा डायव्हिंग करायला. तिथल्या शिकवणाऱ्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, मास्क आधी घरी घालून बघा, सवय होते. आणि सहज विचारलं होतं, "सर, मूछ है क्या?"

"है," गुरुप्रसाद म्हणाला होता. "अच्छी है."

मग त्या मुलाने समजावलं की केसांतून पाणी आत शिरतं, बरेच लोक काढूनच येतात. गुरुप्रसादने तो विषय तिथेच संपवला होता. मसुऱ्याच्या बाजारात त्याचं पाइप आणि मोटरपंपांचं दुकान. दुकानाला नाव होतं, पाटी होती, पण सगळे म्हणायचे मिशीवाल्याचं दुकान. कॉलेजात असताना राखलेली ती मिशी लग्नात होती, पोराच्या बारशात होती, आधार कार्डावर होती.

आता कोणीही विचारील, समुद्र दारात असताना स्कूबाला अंदमान कशाला? कोल्हापूरचे, साताऱ्याचे लोक गाड्या भरभरून मालवणात येतात आणि पाण्याखाली उतरून फोटो काढून जातात. किशोरी ते फोटो वर्षानुवर्षं बघत होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काय हवं, असं गुरुप्रसादने विचारलं, तेव्हा त्याच्या मनात पाटल्या होत्या. ती म्हणाली, "पंचवीस वर्षां मासे कापलंय. एकदा फिरताना बघूचे आसत."

"मगे तारकर्लेक जाव या रविवारी."

"तारकर्लेक? थंय पाण्यात उतरवणारो तो सर्वेश माका काकी म्हणता. होडयेर माझो मामेभाव. तेंच्या समोर मी तो रबराचो पोशाख घालू? माका कोणी वळखणा नाय अशा जाग्यार जावया."

हे गुरुप्रसादला पटलं. त्यानेही एक अट घातली, की गावात कोणाला सांगायचं नाही. पन्नाशी उलटल्यावर नवरा-बायको पाण्यात खेळायला विमानाने जातात, हे बाजारात कळलं की दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बघे जास्त येतील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचे वडील, भाई. भाईंनी उभं आयुष्य बोटीवर काढलं होतं. पैसे देऊन समुद्रात उतरणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. सुदैवाने ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला मुलीकडे, दीपिकाकडे, गेले होते.

किशोरी न्हाणीच्या दारातून हलली नाही. नुसती त्या मिशीकडे बघत राहिली. गुरुप्रसादने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा आरशाकडे, आणि वस्तरा मागितला.

आपल्याकडे भरघोस मिशीचा माणूस एका सकाळी सपाट ओठाने बाजारात आला, तर लोक एकच गोष्ट समजतात. पण गुरुप्रसादच्या डोक्यात त्या सकाळी मास्कशिवाय दुसरं काही नव्हतं. किशोरी तो पोशाख आणायला एसटीने मालवणला गेली. गुरुप्रसाद फोन घरी चार्जिंगला विसरून दुकानात आला. लोक हसतील म्हणून त्याने दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. कोणीच हसलं नाही. समोरचा चहावाला बाबली ग्लास घेऊन आला, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि ग्लास गल्ल्यावर ठेवून हळूच शेजारी बसला.

"कधी झाला रे?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"आज सकाळीच," गुरुप्रसाद म्हणाला. बाबलीने चेष्टा केली नाही, याचंच त्याला बरं वाटलं.

"कायच बोललंस नाय आधी."

"माझा तरी खंय ठरलेला होता? एकदम झाला."

"खंय झाला?"

"न्हाणीत."

बाबलीने डोळे मिटून घेतले. "न्हाणीत," तो स्वतःशीच म्हणाला. "लागला काय?"

"वायच कापला. रगात इला थोडा."

"त्रास झालो आसतलो."

"त्रास कसलो? पयल्यांदा धडधडला जरा. मगे दोन मिनटांत आटापला."

"बरा झाला. हाल तरी झाले नाय." बाबलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तसे पिकलेले होते म्हणा."

"पिकलेली होती अर्धी, ता खरा. पण कलप लावन आणि धा वर्षां गेली आसती."

बाबलीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. मग दुःखात माणसाची जीभ ठिकाणावर नसते, हे त्याच्या लक्षात आलं. "सवय लागता रे वर्षांची," तो समजुतीने म्हणाला.

"होय तर. सारखो हात थंय जाता नि मगे कळता, आता नाय."

एवढं ऐकल्यावर बाबलीच्याने बसवलं नाही. डोळे पुसत तो उठला. मिशीवर याचा इतका जीव होता, हे गुरुप्रसादला आजच कळलं. पाहता पाहता समोरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, मग त्याच्या शेजारचं. किराणावाल्याने लांबून हात जोडले. गुरुप्रसादने उलट हात जोडले. आज कसला तरी बंद असावा, असा त्याने अंदाज केला. कशासाठी ते कळलं नव्हतं, पण बंदात आपण एकट्याने उघडं ठेवणं बरं नव्हे, म्हणून त्यानेही शटर ओढलं आणि घरची वाट धरली. मासळी घेतली असती, पण मासळीवाल्या बाईने त्याला बघताच टोपली झाकली.

घरापुढच्या खळ्यात बायकांचा घोळका होता. पायरीवर किशोरी बसली होती, चेहरा पांढराफटक, मांडीवर मालवणहून आणलेली पिशवी. शेजारच्या यशोदाकाकींनी पेजेचं पातेलं आणून ठेवलं होतं. किशोरीची आई बरेच दिवस आजारी होती.

"कोण गेला?" त्याने विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. यशोदाकाकी पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असा करू नको रे बाबा. धीर धर. भाई गेले ना तुझे."

गुरुप्रसाद होता तिथेच खाली बसला. भाई. दोन दिवसांपूर्वी फोनवर ते त्याच्यावर डाफरले होते, पंपाचं बिल भरलं नाहीस म्हणून, आणि यानेही वैतागून फोन ठेवला होता. ते शेवटचं बोलणं ठरलं. त्याला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. ते बघून किशोरीही रडायला लागली, आणि किशोरी रडते म्हटल्यावर बाकीच्यांनीही मागे राहणं बरं दिसलं नसतं.

"कसे गेले?" गुरुप्रसादने हुंदक्यांतून विचारलं.

"न्हाणीत पडान," काकी म्हणाल्या. "रगात इला म्हणे. दोन मिनटांत आटापला."

हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण त्याला ते जुळवता आलं नाही. त्याने आत जाऊन फोन घेतला. त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. दीपिकाला फोन लावला, उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"दीपू," तो कसाबसा म्हणाला, "अगो, भाई…"

"दीपू डाक्टराकडे औषध आणूक गेली," पलीकडून खरखरीत आवाज आला. "रडतंस कित्याक?"

"भाई? तुमी आसात?"

"मगे कोण आसतलो? आनी आयक. मुंबयच्या ग्रामस्थ मंडळाचे दोघे हार घेवन दारात उभे आसत. दार मीच उघडलंय. हार खंय ठेवू म्हणान माकाच इचारतत. काय चाललला आसा थंय गावात?"

खळ्यात बातमी पोचली. रडणं थांबलं, पण एकदम थांबल्यामुळे सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. तेवढ्यात बाबली बाजारातून आला. त्याच्या हातात ताजा छापलेला फलक होता. भाईंचा फोटो कोणाच्या तरी लग्नातला होता आणि त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात होता. खाली लिहिलं होतं, मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.

"भाई जिते आसत," गुरुप्रसाद म्हणाला. "तुका कोणी सांगल्यान?"

"तूच सांगलंस. न्हाणीत झाला म्हणालंस, रगात इला म्हणालंस."

"ती मिशी होती रे."

बाबलीने फलक भिंतीला टेकवून ठेवला. "बापूस जितो आसा," तो सावकाश म्हणाला, "तर मिशी कित्याक काढलंस?"

सगळं खळं गुरुप्रसादकडे बघत राहिलं. तयार ठेवलेल्या दोन-तीन उत्तरांतलं एकही त्याला आठवेना. "तसा काय नाय," तो म्हणाला. "ह्या… उकडता ना."

"आता थंडी पडली रे," यशोदाकाकी म्हणाल्या.

"अंगार पित्त उठला होता."

"मिशयेत?"

किशोरी उठली. तिने पिशवी उघडली, त्यातला काळा पोशाख काढला आणि सगळ्यांच्या समोर अंगाला लावून धरला. "आमी अंदमानाक जातोव," ती म्हणाली. "स्कूबा करूक. मिशयेतसून मास्कात पाणी जाता, म्हणान काढली. माझ्यासाठी काढल्यानी."

मग यशोदाकाकींनी पोशाखाची बाही चिमटीत धरून पाहिली.

"पण अंदमान कित्याक गो? हय तारकर्लेक काय वायट आसा?"

"हय तुमी सगळी आसात, काकी," किशोरी म्हणाली.

"ता खरा," काकी म्हणाल्या. "ह्या घालून मी पण हय उतारलंय नसतंय." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "माझ्या मापाचो गावता काय?" आणि बायका पोशाखाभोवती गोळा झाल्या. पेज फुकट जायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून ती तिथेच संपवली.

भाईंनी मात्र मुंबईत राहायचं नाकारलं. दीपिकाने पुष्कळ समजावलं, डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं, तरी कोकण रेल्वेने ते कुडाळला उतरले आणि काळा चष्मा लावून रिक्षाने थेट मसुऱ्याच्या बाजारात आले. मुलाच्या दुकानात खुर्ची टाकून ते दिवसभर बसले, लोकांनी नीट बघून घ्यावं म्हणून. लोकांनी बघून घेतलं. बाबलीने चहा आणून दिला आणि तो जायला वळला, तेव्हा भाईंनी त्याला थांबवलं.

"हसतमुख कोणी लिवलान?"

"मी, भाई."

"माका हसताना कधी बघलंस?"

बाबलीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाय," तो म्हणाला.

"मगे लिवताना वायच इचार करूचो."

अंदमानबद्दल भाई एक अक्षरही बोलले नाहीत. गुरुप्रसादला त्याचीच धास्ती होती. संध्याकाळी माणसांची ये-जा संपली. किशोरी आत भाकऱ्या थापत होती. भाई पडवीत आरामखुर्चीवर मान मागे टाकून पडले होते आणि गुरुप्रसाद त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होता.

"बायकोसाठी काढलंस," भाई वर बघत म्हणाले.

"होय."

"माझ्यासाठी काढतलंस?"

थेंब गालावर पडला. "भाई, काय ह्या बोलना?"

"सरळ इचारतंय. काढतलंस काय नाय?"

"काढतलंय," गुरुप्रसाद म्हणाला. "न काढून कसा चलात?"

"आता तर काढूक तुझ्याकडे कायच नाय." भाईंनी गालावरचा थेंब पुसला आणि दुसऱ्यासाठी डोळा पुन्हा ताणून धरला. "अंदमानाक जावन येवा दोघा. पाण्यात धीर सोडू नको, तिचो हात सोडू नको. येवन मगे निवांत वाढव. पयल्यासारखी भरघोस होवंदे. तवसर मी खंय जाणंय नाय."