गुरुवारच्या तुरळक सरी

हवामान कचेरीतल्या कारकुनाने त्या सोमवारी जे केलं त्याला गुन्हा म्हणायचं की नुसता कंटाळा, हे ज्याचं त्याने ठरवावं. पावसाळा सरला होता, थंडीला अजून अवकाश होता, आणि आकाश घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. कारकून सलग तिसऱ्या आठवड्यात तेच टाइप करत होता: सोमवार, उष्ण व कोरडे. मंगळवार, उष्ण व कोरडे. बुधवार, तेच.

साहेब दोन दिवसांच्या रजेवर होते. जाताना सांगून गेले होते, "गेल्या आठवड्याचाच अंदाज तारखा बदलून पाठवून द्या. हवा काही कुठे पळून जात नाही."

कारकुनाची नोकरी बावीस वर्षांची, पण त्यात स्वतःचं असं एक वाक्य त्याने कधी लिहिलं नव्हतं. गुरुवारपाशी आल्यावर त्याचे हात शिवशिवले. त्याने इकडेतिकडे पाहिलं (खोलीत फक्त पंखा होता) आणि टाइप केलं: 'गुरुवारी दुपारनंतर तुरळक सरींची शक्यता.' वाक्य मोठं छान दिसत होतं. नाहीतरी हे वाचतंय कोण, असं म्हणून त्याने ते रेडिओ केंद्राकडे पाठवून दिलं.

बुधवारी संध्याकाळी तो घरी पोहोचला, तेव्हा अंगणातली शिडी गायब होती. घराची दर्शनी भिंत गेले तीन दिवस खरवडली जात होती. तिच्यावर भेगा बुजवायला भरलेल्या लांबीचे पांढरे ठिपके पडले होते आणि गुरुवारी रंगाचा हात फिरायचा होता. रविवारी बायकोची थोरली बहीण यायची होती. ती पहिल्यांदाच येत होती, आणि नुकतं नवं घर बांधून येत होती. तेव्हा त्या भिंतीवर किती अब्रू अवलंबून होती, हे वेगळं सांगायला नको.

"रंगारी कुठाय?" कारकुनाने विचारलं.

"घालवला," बायको म्हणाली. "उद्या पाऊस आहे. ओला रंग वाहून गेला असता म्हणजे?"

"पाऊस? कोण म्हणतं?"

"रेडिओवर सांगितलं. तुमच्याच कचेरीचा अंदाज! तुम्हालाच ठाऊक नाही?"

"अगं, नाही येणार पाऊस," कारकून म्हणाला. "परत बोलाव त्याला."

"त्याने दुसरं काम धरलं. आता महिनाभर मोकळा नाही. आणि तुम्ही नका सांगू हो. तुम्ही छत्री घेऊन निघालात की ऊन पडतं, आणि गाद्या वाळत घालायला सांगितल्यात की त्या भिजतात. हा अंदाज शिकलेल्या माणसांनी सांगितलाय."

"ते वाक्य मी लिहिलंय!" कारकून शेवटी ओरडला. कबुली द्यायला त्याला फार धीर गोळा करावा लागला होता.

बायको मनापासून हसली. "तुम्हाला कोण लिहू देतंय? हातपाय धुवा."

त्या रात्री कारकून अंथरुणात पडून पावसाची वाट पाहत होता. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि त्याचा शब्द बायकोने पहिल्यांदाच मानला होता. तो शब्द खरा व्हावा असं त्याला आतून, अगदी लहान मुलासारखं वाटत होतं. चार थेंब पडले असते तरी चाललं असतं.

गुरुवारी त्या महिन्यातलं सगळ्यात कडक ऊन पडलं. बायको दुपारभर खिडकीत उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती, हे त्याहून कडक होतं. रविवारी थोरली बहीण आली, फाटकातच थबकली आणि हळूच म्हणाली, "भिंतीला काय झालंय गं? आधी कळवायचं तरी, आमच्या ओळखीचा गवंडी आहे."

सोमवारी बायकोने हवामान कचेरीला तीन पानी तक्रार लिहिली. बुधवारी ती कारकुनाच्या टेबलावर आली, कारण तक्रारींना उत्तरं देणं हे त्याचंच काम. त्याने ती दोनदा वाचली आणि दार लोटून उत्तर लिहायला बसला. आपण टाकलेल्या विश्वासास आम्ही पात्र ठरलो नाही याचे अतीव दुःख आहे, असं त्याने लिहिलं, आणि ते खरंच होतं. संबंधित कर्मचाऱ्यास कडक समज देण्यात आली आहे, असंही लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

शुक्रवारी बायकोने ते पत्र त्याला जेवताना वाचून दाखवलं. तिचे डोळे पाणावले होते.

"बघा, किती जिव्हाळ्यानं लिहिलंय तुमच्या साहेबांनी! चूक कबूल करायला मन मोठं लागतं. शिका जरा त्यांच्याकडून."

कारकुनाने आणखी एक पोळी वाढून घेतली. (खरं सांगायचं तर तो थोडासा सुखावलाही होता.)

"मी आभाराचं पत्र लिहिलंय," बायको म्हणाली आणि एक पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "उद्या साहेबांच्या हातात द्या. फक्त एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट कळवली आहे. असल्या माणसाला नुसती समज देऊन काही उपयोग होत नाही. मी घरी सतरा वर्षं देऊन पाहिली आहे."