हडपसरच्या टाकीतील थंड मासे

विजयनाम संवत्सर, शके एकोणीसशे पस्तीस, माघ शुद्ध अष्टमी, भृगुवासर. ते दिवशी कसबे हडपसर येथे, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या टाकीत जो प्रसंग गुदरला, तो कोणाची भीड न धरिता, जैसा घडला तैसा लिहिला असे.

राजमान्य राजश्री दीनानाथपंत, निवृत्त प्राध्यापक, हे शब्दव्युत्पत्तीच्या प्रांतीचे खासे सरदार. चाळीस वर्षे शब्दांची कुळे उकरोन त्यांनी कित्येक विद्वानांस धूळ चारिली, आणि दुसऱ्यास शंका पुसणे म्हणजे इभ्रतीस बट्टा, ऐसे ते मानीत. त्यांनी संपत मासेवाल्याचे दुकानी स्वारी करोन व्हाइट क्लाउड जातीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, बारा शिलेदार चाकरीस ठेविले. संपताने अर्ज गुजारला, की थंड मासं हायेत सायेब, भांडत न्हाईत, घोळक्यानं ऱ्हात्यात. पंतांनी 'थंड' या शब्दाचा अर्थ लाविला, की स्वभावाने शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि मग घरी येऊन, माघाचा गारठा पाहोन, या गरिबांची दया येऊन, अडगळीतला जुना हीटर टाकीत रोविला आणि पाणी अठ्ठावीस अंशांवर चढविले.

मग दुसरे दिवशी सकाळी फौजेची फळी फुटली. घोळका मोडला, अकरा मासे पाण्याच्या वर तोंडे काढोन श्वासास मोताद जाहले, आणि बारावा तळच्या वाळूवर आडवा पडला. पंतांस चहा गोड लागेना. बिचारे काकडले, ऐसा निवाडा देऊन त्यांनी हीटर आणखी दोन अंश वाढविण्याचा हुकूम फर्माविला.

तेव्हा त्यांचे कुटुंब मंदाकिनीबाई, ज्यांस या मसलतीत कोणी पुसले नव्हते, त्यांनी थेट संपतास फोन लाविला. पलीकडून जाब आला, "बाई, मी तवाच म्हनलं की, थंड मासं हायेत. गार पान्यातलं. हीटर काढा आदी."

बाईंनी फोन ठेविला.

"अहो, थंड म्हणजे गार. आपल्या कोशात असेल, बघा सवडीनं."

पंत तैसेच बर्फ आणावयास धावले. बाईंनी तेही मना केले, की एकदम गार केलेत तर उरलेलेही जातील. मग हीटर काढिला, टाकीचे झाकण उतरविले, आणि भर माघात छताचा पंखा पाचावर सोडिला. पंत कानटोपी घालोन आणि बाई शाल लपेटोन दिवसभर थर्मामीटरचा पहारा देत बैसली, आणि पारा एकेक अंश माघार घेत दिवेलागणीस बाविसावर आला. अकरा शिलेदार एका वळणाने वळले. मग बाराव्याने शेपूट हलविले, डळमळत उठला, आणि घोळक्यात सामील जाहला. पंतांनी डोळे पुसले. चष्म्यावर वाफ धरली, ऐसे त्यांचे म्हणणे. परंतु टाकीतून वाफ निघण्याचे काही कारण उरले नव्हते.

मग त्यांनी दौलतीच्या दप्तरी नोंद करावयास वही उघडिली आणि लिहिले, की बाराही शिलेदार सुखरूप, दीनानाथपंतांची फत्ते जाहली.

बाईंनी खांद्यावरून वाचले. "कोणाची?"

पंतांनी ते नाव खोडिले, आणि स्वदस्तुरे, सुवाच्य अक्षरी, मंदाकिनीबाईंचे लिहिले.