चौदा वर्षांचा कुलूपवाला

मंडळी, या शहरात माझ्याइतका गुप्त माणूस दुसरा सापडायचा नाही! म्हणजे मी गुप्तहेर वगैरे नाही हं. माझं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या बनवतो, रुसलेली कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ली आत राहून बाहेर अडकलेल्या लोकांना त्यांच्याच घरात सोडतो. नियम एकच. शेजारचं कुणीतरी येऊन "हो, हे यांचंच घर," असं म्हणाल्याशिवाय मी पिशवीतून हत्यार काढत नाही. मग दारातला माणूस कितीही घायकुतीला येवो, नाहीतर आत दूध उतू जावो!

तर अशा या माणसाला तीन महिन्यांपूर्वी कळलं, की आपल्या स्वतःच्या खिशात एक सताड उघडं दार आहे. शेजारच्या गाळ्यात फोन दुरुस्त करणारा आहे, त्याला सगळे 'स्क्रू' म्हणतात, कारण बोलताना त्याच्या ओठात कायम एक स्क्रू धरलेला असतो. तो म्हणाला, "तू कुठे जातोस, काय खातोस, किती वेळ थांबतोस, हे सगळं तुझा फोन बाहेर सांगतो."

"बायकोला?" मी घाबरून विचारलं.

"कंपनीला!"

"मग ठीक आहे."

"ठीक काय ठीक! आज कंपनीला कळलं, उद्या कुणालाही कळेल!"

हे मात्र मला लागलं. का लागलं ते पुढे कळेलच. स्क्रूने मग माझ्या फोनमधलं सगळं पुसून त्यावर एक मुक्त प्रणाली बसवली. म्हणजे ती कशी बनवली आहे, हे कुणीही उघडून बघू शकतं. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यातही तेच आहे. चांगलं कुलूप तेच, जे उघडून आतलं यंत्र दाखवायला बनवणाऱ्याला लाज वाटत नाही!

पण मी थांबलो तर मी कसला? बायकोचाही फोन तसाच करून आणला आणि दोघांची जुनी खाती पुसून नवी काढली. दोन्ही फोनांच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर पट्ट्या चिकटवल्या, त्यासुद्धा आमच्या दुकानातल्या डिंकाने, ज्याने आम्ही पितळ लाकडाला चिकटवतो. आणि सर्वांत मोठी शपथ घेतली, की कुठल्याही साइटला खरी जन्मतारीख सांगायची नाही. जिथे विचारतील तिथे दुकान उघडलं ती तारीख ठोकून द्यायची. ती तारीख शटरवर रंगवलेलीच आहे, विसरायचा प्रश्न नाही.

घरात एकटी आई बधली नाही. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. दहा वर्षं एकच खातं, त्यावर शब्दकोडी सोडवते आणि जे विचारतील ते खरं सांगते. पूर्ण नाव, जन्मवेळ, चपलेचं माप!

"आई, अगं किती माहिती देतेस!"

"चाळीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर सह्या केल्यात मी. खोटी तारीख लिहायला माझा हात वळत नाही. माझ्या फोनला हात लावलास तर बघ!"

मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी!

आता मुख्य गोष्ट. आमची लेक परगावी नाटक शिकते. मागच्या वर्षी तिचा पहिला प्रयोग होता. आम्ही निघणार तोच एक आजोबा न्हाणीघरात अडकल्याचा फोन आला. मी आजोबांना सोडवलं आणि पोचलो तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. लेक म्हणाली, "चालतं रे बाबा." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. ते 'चालतं' वर्षभर माझ्या घशात अडकून होतं.

या वेळी तिचा प्रयोग घरबसल्या थेट बघता येणार होता. रविवारी दुपारी चारला. एका कलाकारामागे एकाच पाहुण्याचं खातं, आणि लेकीने ते माझ्या नावाने मागितलं होतं. "बाबा, या वेळी बघशील ना?" "अगं, चारला चार कमी असतानाच खुर्चीत बसलेला असेन!" असं मी छातीठोक सांगितलं होतं.

मी सव्वातीनलाच बसलो. दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'आज कुणीही अडकू नये.' बायको शेजारी, आई मागच्या आरामखुर्चीत. दुवा दाबला. पडद्यावर अक्षरं आली: 'या नाटकात खुनाचा प्रसंग आहे. तुमचं वय चौदा. प्रवेश नाही.'

"कुणाचं वय चौदा?" बायकोने विचारलं.

"दुकानाचं," मी म्हणालो.

बायको दवाखान्यात औषधं देते. चुकीची चिठ्ठी आणणाऱ्याकडे ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघू लागली.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "इथे लिहिलंय, चेहरा दाखवा, आम्ही वय ओळखू. बावन्न वर्षांचा चेहरा आहे हा! यात ओळखायचं काय?"

कॅमेऱ्यावरची पट्टी ओढली. निघेना! पितळ धरून ठेवणारा डिंक तो! शेवटी चिमट्याने पट्टी निघाली, पण डिंक तिथेच राहिला. त्या डिंकातून माझा चेहरा असा काही दिसला म्हणता! सुरकुत्या गायब, डोळ्यांखालच्या पिशव्या गायब, मिशीची नुसती कोवळी सावली! यंत्राने तीन सेकंद विचार केला आणि निकाल दिला: 'अंदाजे वय पंधरा.'

खरं सांगतो, क्षणभर मी सुखावलो. "बघ," मी बायकोला म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही!"

"साडेतीन वाजलेत," बायको म्हणाली. "आणि तुमच्या लेकीने या वेळी नुसतं 'चालतं' म्हटलं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही! आता ओळखपत्र पाठवा!"

ओळखपत्र! मी? एका अनोळखी यंत्राला? मी तत्त्वाचा माणूस आहे. माझं तत्त्व तब्बल दोन मिनिटं टिकलं. मग बायकोच्या फोनवरून फोटो काढू म्हटलं, तर तिच्याही कॅमेऱ्यावर डिंक. आईच्या फोनने फोटो काढला, पाठवला. लगेच उत्तर आलं: 'खात्यातील वय चौदा, चेहऱ्यावरून वय पंधरा. पाल्याने वडिलांचं ओळखपत्र त्यांच्या नकळत वापरल्याचा संशय आहे. तपासणीस तीन दिवस लागतील.'

माझ्याच ओळखपत्राची मी चोरी केली होती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी डोक्याला हात लावून बसलो. वीस मिनिटं उरली होती. चौदा वर्षं लोकांची दारं उघडणारा मी, माझ्या लेकीच्या दारात बाहेर उभा होतो.

तेवढ्यात बायकोने खालची बारीक अक्षरं वाचली. "इथे आणखी एक वाट आहे. 'सोबत पालक असल्यास प्रवेश मिळेल. पालकाने आपल्या खात्यातून परवानगी द्यावी.'"

"मग दे ना परवानगी!"

"मी तुमची पालक?"

"एवढ्यापुरतं!"

"अहो, एवढ्यापुरतं काय, लग्नापासून तेच करतेय मी!" असं म्हणून तिने फोन उघडला आणि परत खाली ठेवला. "पण पालकाचं खातं पाच वर्षं जुनं हवं. माझं तुम्ही तीन महिन्यांपूर्वी पुसलंत."

आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. आरामखुर्चीत आई शब्दकोडं बाजूला ठेवून चष्मा पुसत होती. तिला सगळं ऐकू गेलेलं होतं.

"आण इकडे," आई म्हणाली. "कुठे सही करायची?"

"आई, फक्त 'मान्य' दाब, बस्स!"

"न वाचता? माझ्या शाळेत न वाचता सही करणाऱ्या पालकांना मी परत पाठवायचे!"

आणि आईने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने! पहिल्या कलमापासून! सतराव्या कलमात तिला विरामचिन्हाची चूक सापडली, तिथे ती थांबली. चौदा मिनिटं उरली. तेरा. बारा!

"आई, तुझ्या पाया पडतो!"

"हे बघ, कुणाचं दार उघडायच्या आधी तू शेजाऱ्याला विचारतोस की नाही? मग तुझ्यासाठी यंत्राने मला विचारलं, तर तुझं काय बिघडलं? गप्प बस. 'पाल्याशी नातं?' आई. 'पाल्य आज्ञाधारक आहे का' असं नाही विचारलेलं इथे."

माझ्या फोनवर एक छोटं अॅप उतरवावं लागलं, तेव्हाच परवानगी लागू होणार होती. तीन महिने ज्या फोनच्या उंबऱ्यावर मी कुणाला उभं केलं नव्हतं, तिथे मी डोळे मिटून ते बसवलं. आईसमोर रकाने उघडले. झोपायची वेळ. खेळायची वेळ. पाल्य कुठे आहे ते दाखवायचं का.

"ते सगळं सोड, आई! ऐच्छिक आहे ते!"

"फॉर्म अर्धवट ठेवायचा नसतो," आई म्हणाली आणि एकेक रकाना मन लावून भरू लागली. झोप, साडेनऊ. खेळ, अर्धा तास. ठिकाण दाखवायचं का, हो.

चारला एक मिनिट कमी असताना पडदा उघडला.

लहानशा फोनपुढे आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून बसलो. लेक दुसऱ्या प्रवेशात आली. ती ओळखूच येईना! चालणं वेगळं, आवाज वेगळा. तिसऱ्या प्रवेशात तिने शांतपणे दुधात विष कालवून नवऱ्याला दिलं, आणि तो पीत असताना त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. माझ्या अंगावर काटा आला. ही पोर कधी एवढी मोठी झाली? मी घळाघळा रडत होतो आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

"हात जरासुद्धा थरथरला नाही हो पोरीचा," आई कौतुकाने म्हणाली.

"माझ्यावर गेली आहे," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

प्रयोग संपल्यावर पाचच मिनिटांत लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तोंडाचा रंग अजून पुसलेला नव्हता. "बाबा! पाहिलंस?"

"पाहिलं. ते कॉलर नीट करणं... ते तुला कुणी शिकवलं?"

तिने रंग पुसायचा बोळा खाली ठेवला. मग म्हणाली, "कुणी नाही. माझं मलाच सुचलं. तेच पाहिलंस तू?" तिचे डोळे भरून आले, आणि माझ्या घशातलं ते जुनं 'चालतं' एकदाचं खाली उतरलं. मग ती फिसकन हसली. "पण बाबा, पाहुण्यांची यादी आमच्या सगळ्या मंडळींनी वाचली. सगळ्यांचे आईवडील आलेत. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'एक अल्पवयीन मुलगा, सोबत आई'!"

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे फिरायला निघालो. माझी साखर वाढलेली आहे, म्हणून बायकोने रोज चाळीस मिनिटं मैदानाला फेऱ्या सांगितल्यात. मी परत आलो तेव्हा आई आणि बायको एकाच फोनमध्ये बघत बसल्या होत्या.

"मैदान छान होतं का?" बायकोने गोडीत विचारलं. ती गोड बोलली की मी आधी दाराकडे बघतो.

"छान! सहा फेऱ्या!"

"इथे दाखवतंय," आई चष्मा सावरत म्हणाली, "'तुमचा पाल्य बेकरीत आहे. अडतीस मिनिटं.'"

माझ्या मिशीला केकचं क्रीम लागलेलं होतं, हे मला नंतर आरशात कळलं.

तेव्हापासून मी खरोखरच मैदानाला फेऱ्या मारतो. रात्री साडेनऊला माझा फोन आपोआप झोपतो. दुकानात जेवणाची वेळ टळली की आईचा फोन येतो, "दीड वाजला, अजून दुकानातच दिसतोयस. डबा उघडलास का?" आई हल्ली शब्दकोडं कमी आणि मला जास्त सोडवते. पंचवीस वर्षांत तिने मला जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं, कारण मी कधी कुठे असतो हेच तिला ठाऊक नसायचं. खरं सांगू? मला बरं वाटतं.

पण म्हणून काय माणसाने स्वातंत्र्य सोडायचं? मी तडक स्क्रूकडे गेलो. तो अॅप बघून इतका हसला, की ओठातला स्क्रू गिळता गिळता वाचला.

"यात लिहिलंय, पाल्य अठरा वर्षांचा झाला की नियंत्रण आपोआप जातं," तो म्हणाला. "म्हणजे अजून चार वर्षं. पण थांबायचं कशाला? सगळं पुसून नवं बसवतो. दहा मिनिटांचं काम! देऊ का पुसून?"

मी फोन त्याच्या हातात दिला. मग परत घेतला. पुन्हा दिला. लेकीचा पुढचा प्रयोग महिन्यावर आला होता, आणि तो याच खात्यावर दिसणार होता.

"काय ते एकदा ठरव!" स्क्रू म्हणाला.

"थांब जरा," मी म्हणालो. "आईला विचारून सांगतो."