केरोबा अस्वल ‘नको’ म्हणाला

एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारू नका, मला तिथे परत जायचंय, साळिंदर मॅडम राहायच्या.

बाळांनो, साळिंदर म्हणजे पाठीवर काटे असतात तो प्राणी. मॅडम संशोधन करायच्या. काही लिहायचं असलं की पाठीवरचा एक काटा उपटायच्या. त्या वर्षी अभ्यास इतका झाला होता, की डावी बाजू पूर्ण टकली होती.

त्यांचा विषय असा: स्वतःवर ताबा कोण ठेवतो? आणि ताबा ठेवणाऱ्याबद्दल बाकीचे काय मत बनवतात?

प्रयोग सोपा होता. समोर मधाचं पोळं. दुपारपर्यंत बसायचं. खायचं नाही.

कोल्ह्याने नियम सांगून व्हायच्या आधीच खाल्लं. माकडाने पोळं खाल्लं आणि संमतीपत्रही खाल्लं, कारण ते केळीच्या पानावर होतं. लांडग्याने पोळं संपवून खालचा दगड इतका चाटला, की दगड बारीक झाला.

मग आला केरोबा अस्वल. दुपारपर्यंत बसला. पोळ्याला हातही लावला नाही.

खरं कारण असं, की आदल्या दिवशी त्याच्या जिभेला सात मधमाश्या चावल्या होत्या. जीभ सुजून वांग्याएवढी झाली होती.

“खावंसं वाटत नाही?” मॅडमनी विचारलं.

“ऊं,” केरोबा म्हणाला.

मॅडमनी काटा उपटला आणि लिहिलं: मोह नाही.

निकाल पिंपळावर लागला. लगेच जंगलाने मत बनवलं.

हरणीने पाडसाला सांगितलं, “केरोबाकाकांकडे बघ. आणि मग स्वतःकडे बघ.” खारीने शेंगदाणे त्याच्या गुहेत आणून ठेवले. “तुमच्याकडे कसे, सुखरूप राहतील.” आणि तो कुणाकडे गेला की खायला विचारायचं सगळ्यांनी बंद केलं. “त्यांना कुठे काय लागतं,” म्हणायचे.

मॅडम खूश. प्रयोगाचा दुसरा भाग आपोआप झाला.

केरोबाची जीभ बरी होऊन आठवडा झाला होता. त्याला भयंकर गोड खावंसं वाटत होतं. सगळी आशा एकाच गोष्टीवर होती. ससेकाकांच्या एकशेसाताव्या मुलीचं लग्न. जिलबीचं जेवण.

आता त्या जंगलात पंगत कशी असते ते सांगतो. वाढपी विचारतो, “जिलबी?” आपण म्हणायचं, “नको.” पानावर पंजा आडवा धरायचा, पण बोटांत फट ठेवायची. वाढपी म्हणतो, “असं कसं?” आपण पुन्हा “नको.” तीन वेळा नको म्हटलं की चार जिलब्या मिळतात. ‘हवी’ असं कुणी म्हणत नाही. कुणी कधी म्हटलेलंच नाही.

वाढायला सांबर होतं. टोपली शिंगाला अडकवलेली. कोल्ह्याला चार वाढून ते केरोबापाशी आलं.

“जिलबी?”

“नको,” केरोबा म्हणाला. पंजा आडवा धरला. फट चांगली मोठी ठेवली.

सांबराने मान लववली. “तुम्ही म्हणजे तुम्हीच, काका.” आणि पुढे गेलं.

दुसऱ्या फेरीत केरोबा ‘नको’ इतकं लाडात म्हणाला, की शेजारचा लांडगा सरकून बसला. सांबर लांडग्याला म्हणालं, “शीक जरा. ह्यांचं नको म्हणजे नको.”

तिसरी फेरी शेवटची होती. टोपलीत चाळीस जिलब्या उरल्या होत्या. केरोबाने डोळे मिटले.

“हवी,” तो म्हणाला.

पंगत थांबली. एका ससुल्याला बाहेर नेण्यात आलं.

“काय म्हणालात?” सांबराने विचारलं.

“हवी. म्हणजे चार हव्यात.”

नको म्हटल्यावर काय करायचं ते सांबराला शिकवलं होतं. हवी म्हटल्यावरचं कुणी शिकवलं नव्हतं. त्याने मॅडमना हाक मारली.

मॅडम पान सोडून आल्या. त्यांनी केरोबाला नीट न्याहाळलं. “ते स्वतःसाठी मागत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “आपण त्यांना बिघडवतो का, हे बघतायत.”

ससेकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्या दारात असं होणार नाही, मॅडम. उपाशी पाठवीन, पण बिघडवणार नाही.”

सगळी पंगत ‘बरोबर’ म्हणाली. तोंडात जिलबी होती, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

केरोबा उठला. त्याने टोपली ओढली. सांबरही थोडं सोबत आलं, मग सुटलं. केरोबाने चाळीसच्या चाळीस जिलब्या खाल्ल्या. पाक चाटला.

मॅडमनी काटा उपटला.

“टोपली खाल्ली नाही,” त्यांनी लिहिलं. “ताबा कायम.”

“वा,” पंगत म्हणाली.

केरोबाने मॅडमकडे बघितलं. मग टोपली खाल्ली. ती बांबूची होती. अजिबात चांगली नव्हती.

मॅडमनी दुसरा काटा उपटला. “सांबर खाल्लं नाही,” त्यांनी लिहिलं.

केरोबाने हळूच मान वळवून सांबराकडे बघितलं.

“काका,” सांबर म्हणालं, “आत अजून दोन टोपल्या आहेत. आणू का?”

“आण,” केरोबा म्हणाला, आणि वाट बघत बसला.

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

तात्पर्य: बाळांनो, लोकांचं आपल्याबद्दल एकदा चांगलं मत झालं, की आपण काहीही केलं तरी ते बिघडत नाही. तेव्हा उगाच उपाशी राहू नका. फक्त जे मागायचं ते वाढणाऱ्याकडे टक लावून मागा.