उघडत नाही तोच खरा फोन

जे कुलूप मालकालाही उघडता येत नाही, तेच खरे कुलूप. महाळुंग्यातल्या एका कंपनीने हे तत्त्व जाणले आणि मेंटेनन्सच्या सरफराजभाईंना अतिसुरक्षित मोबाइल दिला. त्याला पासवर्ड लागे, बोटाचा ठसा लागे, चेहराही लागे. (ग्रीसने काळवंडलेले बोट त्याला पटत नसे आणि हेल्मेटखालचा चेहरा परका वाटे, पण अनोळखी माणसाशी बोलू नये, हे संस्कार चांगलेच.) कॅमेरा कंपनीने मुळातच बंद ठेवला होता.

शुक्रवारी दुपारी पत्रा दाबणारा मोठा प्रेस बंद पडला. तेल रोखणारे सील फाटले होते. शनिवारी भाईंच्या लेकीची, शिफाची मंगनी, म्हणजे साखरपुडा होता आणि प्रेस चालू झाल्याशिवाय रजा नाही, असे साहेबांनी बजावले. मुलीच्या मंगनीला बापच नाही, या विचाराने भाईंचा जीव टांगणीला लागला. खरे तर सीलचा फोटो पाहिला की सुटे भाग पुरवणारे तळेगावचे अन्वरशेठ लगेच माल धाडतात. फोटो नाही तर निदान सीलचे वर्णन लिहून धाडावे म्हणून भाईंनी कंपनीचा फोन काढला. पासवर्डची मुदत संपली आहे, नवा हवा असल्यास ईमेलवर आलेला आकडा भरा, असे तो म्हणाला. ईमेल त्याच फोनात होते.

भाईंनी ऑफिसातल्या फोनवरून हिंजवडीच्या सुरक्षा कक्षातल्या तेजस्विनी मॅडमना गाठले.

"मॅडम, फोन उघडतच नाही हो."

"म्हणजे व्यवस्था नीट काम करतेय," मॅडम समाधानाने म्हणाल्या.

"अहो, पण मलाच उघडत नाही!"

"सर, चोरही हेच म्हणतो."

उरला भाईंचा स्वतःचा फोन. त्याच्या कॅमेऱ्यावर गेटवर लाल स्टिकर लावतात. तो फाटलेला दिसला तर फोन जप्त. म्हणून तो फाडायचा नसतो. नखाने अलगद काढून हेल्मेटला चिकटवायचा आणि सुटताना परत लावायचा, अशी इथली सर्वमान्य कार्यपद्धती आहे. गेटवरचे कोंडीराम प्रत्येक हेल्मेट निरखून पाहतात आणि म्हणतात, "फाटला न्हाई ना? मंग झालं."

फोटो 'मिसळप्रेमी महाळुंगे' या ग्रुपवर गेला. कंपनीचे खरे कामकाज तिथेच चालते: शिफ्टचे बदल, नव्या मशिनांची ड्रॉइंग, सर्वांचे पासवर्ड. ग्रुपात अन्वरशेठ आहेत, चहावाला आहे, शेजारच्या स्पर्धक कंपनीत गेलेले साहेबरावही आहेत. (त्यांना काढणार कसे? माणूस कुणाचा वाढदिवस चुकवत नाही.)

सील आले, प्रेस धडधडला, रजा वाचली. मंगनीत शिफाकडे पाहून भाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेबराव गळाभेटीला आले.

"मुबारक, भाई! पण प्रेशर कमी ठेवा राव. तुमच्या नव्या ड्रॉइंगात तो आकडा उतरवलाय की, पाहिलं मी."

पुढे वार्षिक तपासणी झाली. कंपनीच्या फोनांतून एकही गुपित बाहेर गेले नसल्याचे सिद्ध झाले आणि सर्वात सुरक्षित वापराबद्दल भाईंना प्रशस्तिपत्र मिळाले.

आपण हसलात, आनंद आहे. आपल्या घरच्या ग्रुपातही एक बिननावाचा नंबर आहे. तो रोज सकाळी फुले पाठवतो. आपले आधार कार्ड त्याने पाहिले आहे, गावाला जाताना कुलूप कधी लागते तेही त्याला ठाऊक आहे, लग्नाचे आमंत्रणही त्याला गेलेले आहे. तो कोण, हे आपल्याला केव्हापासून विचारायचे आहे. पण इतक्या वर्षांनी विचारणे आता बरे दिसत नाही.